शांततेचे गिऱ्हाईक

१९१३ साली केंब्रिजमधल्या एका चोवीस वर्षांच्या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांना सांगून टाकलं, की तर्कशास्त्राचे सगळे प्रश्न सुटेपर्यंत मी नॉर्वेत जाऊन एकटा राहणार. विद्यार्थी लुडविग विट्गेन्स्टाइन आणि प्राध्यापक बर्ट्रांड रसेल. रसेलने पुढे साऱ्या जगाला चार गोष्टी समजावून सांगितल्या, पण या पोरापुढे त्याची मात्रा चालली नाही. तिकडे काळोख असतो, असं त्याने सांगून पाहिलं. तर पोरगा म्हणाला, मला उजेडाचा तिटकारा आहे. एकटा पडशील म्हटलं. तर म्हणाला, हुशार माणसांशी बोलून बुद्धी बाटते. शेवटी वैतागून रसेलने त्याला तोंडावर वेडा म्हटलं. त्यावर, देव मला शहाणपणापासून वाचवो, असं उत्तर आलं. हा सगळा संवाद रसेलने एका मैत्रिणीला पत्रातून कळवला. प्राध्यापकांनाही कुठेतरी मन मोकळं करावं लागतंच.

वडिलांचा पोलादाचा धंदा होता आणि ते त्याच वर्षी वारले होते, त्यामुळे एकान्ताचा खर्च परवडण्यासारखा होता. विट्गेन्स्टाइनने निवडलेलं गाव म्हणजे शोल्डेन. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सोग्नेफियॉर्ड नावाचं समुद्राचं एक बोट दोनशेहून अधिक किलोमीटर आत शिरतं. हिमनद्यांनी हिमयुगात डोंगर तासून ही दरी खणली आणि मग तिच्यात समुद्र शिरला. सर्वांत खोल ठिकाणी पाणी १,३०८ मीटर आहे. या फियॉर्डला फांद्या फुटल्या आहेत. त्यांतल्या लुस्ट्राफियॉर्ड नावाच्या फांदीच्या अगदी टोकाला शोल्डेन आहे. त्यापुढे समुद्र संपतो आणि डोंगर सुरू होतात. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की हिमनदीने दळलेल्या खडकाचं पीठ पाण्यात उतरतं आणि फियॉर्ड दुधाळ हिरवा दिसू लागतो. एका काठावर फाइगेफॉसेन नावाचा धबधबा २१८ मीटरवरून सरळ खाली उडी घेतो. गावाच्या डोक्यावर हुरुंगाने पर्वताचे सुळके आहेत. त्यातल्या सर्वांत उंच, २,४०५ मीटरच्या सुळक्यावर १८७६ साली विल्यम स्लिंग्सबी नावाचा इंग्रज पहिल्यांदा चढला. शेवटच्या टप्प्यात बरोबरच्यांनी पुढे यायला नकार दिला, म्हणून तो एकटाच गेला. या परिसराला एकटं जायची आवड असलेले लोक लाभतात, असं म्हणायला हरकत नाही.

आज शोल्डेनची वस्ती दोनशेच्या आसपास आहे. विट्गेन्स्टाइन आधी गावातल्या पोस्टमास्तरांच्या घरी उतरला आणि भराभर नॉर्वेजियन शिकला. म्हणजे माणसांशी बोलायचं नाही म्हणून आलेल्या माणसाने पहिलं काम केलं ते बोलण्याची सोय करण्याचं! मग त्याला कुणाला तरी आपलं तर्कशास्त्र ऐकवायची हुक्की आली. त्याने केंब्रिजच्या जी. ई. मूरला बोलावून घेतलं. मूर हा तत्त्वज्ञानातला नावाजलेला माणूस, वयाने सोळा वर्षांनी मोठा. १९१४ च्या मार्चअखेर तो बिचारा समुद्र ओलांडून, बर्फ तुडवत पोचला. तिथे विद्यार्थी बोलू लागला आणि मोठे विद्वान वही काढून उतरवून घेऊ लागले.

पुढची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही विद्यापीठात घडू शकली असती. या विचारांच्या जोरावर पदवी मिळेल का, याची मूरने केंब्रिजमध्ये चौकशी केली. उत्तर आलं की प्रबंधाला प्रस्तावना हवी, तळटीपा हव्यात, कुठलं कुणाकडून घेतलं ते लिहायला हवं. विट्गेन्स्टाइन असा काही भडकला, की त्याने मूरला कडक पत्र लिहिलं. दोघांचं बोलणं पुढे कितीतरी वर्षं बंद होतं. फियॉर्डच्या टोकाला, बर्फात, शंभर टक्के एकान्तात बसून माणसाने भांडण उकरून काढलं ते तळटीपांवरून. पुढे १९२९ साली याच माणसाला याच केंब्रिजने डॉक्टरेट दिली. परीक्षक होते रसेल आणि मूर. तोंडी परीक्षा आटोपल्यावर त्याने दोघांच्या पाठीवर थाप मारली आणि, काळजी करू नका, तुम्हाला हे कधीच समजणार नाही, असा दिलासा दिला म्हणतात.

मधल्या काळात पोस्टमास्तरांच्या घरातली शांतताही त्याला कमी पडू लागली होती. गावाबाहेरच्या तळ्यापलीकडे, कड्यावर, पाण्यापासून तीसेक मीटर उंचावर त्याने घर बांधायला घेतलं. उन्हाळ्यात तिकडे होडी वल्हवत जायचं आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून चालत. पाणी खालून तळ्यातूनच आणायचं, पण रोज कडा उतरणार कोण? म्हणून त्याने कप्पी आणि दोर लावून बादली वर ओढून घेण्याची सोय केली. तत्त्वज्ञ असला तरी शिक्षण इंजिनिअरिंगचं होतं आणि ते इथे कामी आलं. गावकऱ्यांनी त्या घराचं नाव ‘ऑस्ट्रिया’ ठेवलं. डोक्यावर एकटाच राहणारा माणूस, येताजाता तळ्यात होडी, बादली वर जातेय, खाली येतेय. गावाला एवढी करमणूक पूर्वी कधी मिळाली नसावी.

घर पुरं व्हायच्या आत, १९१४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर विट्गेन्स्टाइन ऑस्ट्रियाला, म्हणजे खऱ्या ऑस्ट्रियाला, निघून गेला. कारण नॉर्वेत पर्यटकांचा हंगाम सुरू झाला होता.

होय, १९१४ मध्येच. फियॉर्डला गर्दी ही आजकालची तक्रार आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही नोंद. आणि त्या हंगामात त्याच सोग्नेफियॉर्डमध्ये आलेला सर्वांत मोठा पर्यटक म्हणजे जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा. १८८९ पासून हा गृहस्थ जवळजवळ दर उन्हाळ्यात ‘होहेन्झोलर्न’ नावाचं शाही जहाज घेऊन नॉर्वेला यायचा. राजकारणाचा शीण घालवायला यायचा म्हणे. पण येताना बरोबर दरबारी, सेनापती, बँड आणि आजूबाजूला लढाऊ जहाजं. सकाळी डेकवर सगळ्यांनी कवायत करायची असा हुकूम असे. पोट सुटलेले, पांढऱ्या मिशांचे जनरल उठाबशा काढायचे आणि कैसर मागून येऊन त्यांना ढकलायचा. एकदा तर त्याने चाकूने त्यांच्या पॅन्टचे गॅलिस कापले. राजाचा विनोद असल्यामुळे हसणं सक्तीचं होतं.

कैसरचं आवडतं गाव बालेस्ट्रँड, शोल्डेनहून पश्चिमेला, मुख्य फियॉर्डच्या काठी. गाव इतकं रम्य की आपण काहीतरी परतफेड केली पाहिजे, असं त्याला वाटलं. १९१३ साली समोरच्या वांग्सनेसला त्याने फ्रिट्योफ या जुन्या कथेतल्या वीराचा पुतळा उभारला. चौथऱ्यासकट उंची वीस मीटरहून अधिक. डोंगर दीड हजार मीटरचे, तरी कैसरला तिथे उंची कमी वाटली असावी. पुतळा आजही उभा आहे. नॉर्वेजियन लोक भेट आलेली वस्तू फेकून देत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

१९१४ च्या जुलैत ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकच्या खुनावरून युरोप पेटत असताना कैसर ठरल्याप्रमाणे सहलीवर होता. ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडल्याचं कळलं तेव्हा त्याचं जहाज याच पाण्यात होतं. २५ जुलैच्या संध्याकाळी त्याने बालेस्ट्रँडहून नांगर उचलला आणि कीलचा रस्ता धरला. बालेस्ट्रँडच्या क्विकनेस हॉटेलात कैसरची खुर्ची म्हणून एक खुर्ची अजून दाखवतात. पंधरवड्याच्या आत विट्गेन्स्टाइनही ऑस्ट्रियन सैन्यात भरती झाला. एकाच फियॉर्डच्या शांततेची दोन गिऱ्हाइकं एकाच बाजूने महायुद्धात उतरली. शांततेचा उतारा घेऊन इतकाच गुण येत असेल, तर औषधाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. शोल्डेनचं नवं घर मालकाविना राहिलं आणि मालक त्यात राहायला आला तो १९२१ मध्ये.

नंतरच्या खेपा अधूनमधून होत राहिल्या. १९३६ साली तो तिथे बराच काळ राहिला. पुढे त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या आणि विसाव्या शतकाच्या तत्त्वज्ञानाला वळण देणाऱ्या ग्रंथाचा आरंभ त्याने तिथेच केला. पण १९३७ मध्ये कड्यावरचा एकान्त असह्य होऊन तो काही दिवस गावात एका बाईंच्या घरी राहायला आला. कड्यावरचा ‘ऑस्ट्रिया’ रिकामा झाला आणि गावाने त्याला सामावून घेतलं. १९५८ मध्ये ते घरही लाकूडफाट्यासकट सोडवून गावात आणून पुन्हा उभं केलं गेलं. २०१९ साली मात्र त्याला परत कड्यावर नेऊन मूळ पायावर बसवलं. आता पर्यटक तळ्याकाठच्या वाटेने चढून एकान्त कसा असतो ते बघायला जातात, बहुतेक वेळा घोळक्याने. शोल्डेनच्या धक्क्याला मोठी क्रूझ जहाजंही लागतात.

मोठ्या जहाजांचा खरा बाजार पाहायचा तर याच फियॉर्डच्या दुसऱ्या एका फांदीवरच्या फ्लोमला जावं. वस्ती साडेतीनशेच्या आसपास आणि उन्हाळ्यात एकेका जहाजातून तीन-चार हजार माणसं उतरतात. पाय ठेवल्याबरोबर निम्मे लोक फ्लोम रेल्वेकडे धावतात. ही वीस किलोमीटरची रेल्वे समुद्राच्या पातळीपासून मिरदालच्या ८६६ मीटरपर्यंत चढते. एकूण बोगदे वीस, त्यातले अठरा हातांनी खोदलेले. एक मीटर बोगदा म्हणजे मजुरांचा एक महिना, असा हिशेब आहे. पहिली गाडी १९४० साली धावली, तीही वाफेवर, कारण विजेची तार अजून पोचली नव्हती. एवढ्या कष्टाने रेल्वे केली ती कशासाठी, असं विचारलं तर फियॉर्डला ओस्लो-बर्गन लोहमार्गाशी जोडण्यासाठी. आता लाखो प्रवासी मात्र ती कुठे जाते याच्या काळजीत नसतात. वर जाऊन खाली यायचं, एवढाच हेतू.

वाटेत चोसफॉसेन धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते. सगळे फलाटावर उतरतात, तुषार अंगावर घेतात, फोन बाहेर काढतात. तेवढ्यात लाउडस्पीकरवर संगीत सुरू होतं आणि धबधब्याच्या कडेला लाल झग्यातली बाई नाचताना दिसते. ही हुल्द्रा, नॉर्वेच्या लोककथांतली रानातली मोहिनी. तिला गाईची शेपटी असते म्हणे. उन्हाळ्यात नृत्य शिकणाऱ्या मुली हे काम करतात. मोहिनी दिसते आणि लुप्त होते, लगेच धबधब्याच्या दुसऱ्या बाजूला प्रकट होते. एवढा वेग माणसाला शक्य नाही, असं पाहणाऱ्याला वाटतं. मग लक्षात येतं की दोघीजणी आहेत. धबधब्याचा आवाज इतका मोठा, की लाउडस्पीकर त्याच्याशी झगडत असतो. गाडीने शिट्टी दिली की सगळे डब्यात शिरतात, कोण भिजलं कोण सुकलं याची चौकशी होते आणि मोहिनी पुढच्या गाडीची वाट बघते.

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या स्कॅन्डिनेव्हियाच्या सहलीही याच मार्गाने जातात. फ्लोमहून गुदवांगेनला जाणारी बोट नॅरॉयफियॉर्डमधून नेते. १७ किलोमीटर लांबीचा आणि चिंचोळ्या जागी अवघा २५० मीटर रुंद असा हा फाटा २००५ पासून जागतिक वारसा आहे. डेकवर मराठी घोळका ओळखू येतो तो कानटोपीवरून.

‘अहो, टोपी घाला. वारा बघा किती आहे!’

‘अगं, घातलीये. तू डोळे उघड आधी.’

‘काय शांत आहे ना!’ असं एक काकू म्हणतात. ‘हो ना, किती शांत!’ असं शेजारच्या काकू म्हणतात. तिसऱ्या काकूंना ते नीट ऐकू येत नाही, म्हणून पहिल्या काकू पुन्हा मोठ्याने सांगतात. एक काका मध्येच, ‘पण शांतता काय, अगदी माळशेजसारखी!’ असं ठोकून देतात. माळशेजला पावसाळ्यात शनिवारी किती शांतता असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी कुणी हरकत घेत नाही. मग सहल व्यवस्थापक डब्यातला खाकरा पुढे करतो आणि सगळा घोळका शांततेवर मनापासून बोलत बोलत, गुदवांगेन आलं तरी, तिच्यापासून सुरक्षित राहतो. मराठी माणसांनाच कशाला हसायचं? स्पॅनिश आणि चिनी घोळकेही डेकच्या दुसऱ्या टोकाला हेच करत असतात. मराठीतला बोलका वर्ग फक्त आपल्या कानाला जास्त ऐकू येतो.

इंजिनाचा आवाज मात्र आता कमी होतो आहे. २०१८ मध्ये फ्लोम-गुदवांगेन मार्गावर बॅटरीवर चालणारी बोट धावू लागली. त्याच वर्षी नॉर्वेच्या संसदेने वारसा लाभलेल्या फियॉर्डांमधून जहाजांचा धूर हद्दपार करायचा ठराव केला. दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना २०२६ पासून आणि मोठ्यांना २०३२ पासून ही अट लागू आहे. धूर गेला, इंजिनाची घरघर गेली, आणि तिच्यामुळे आजवर झाकली गेलेली गाइडच्या माइकवरची सूचना आता पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू येते.

याच मार्गावर उंद्रेडाल नावाचं एक गाव लागतं. माणसं शंभराच्या आत, शेळ्या पाचशेच्या घरात. रस्ता १९८८ साली आला. तोवर येणं-जाणं बोटीनेच. चाळीस माणसं बसतील एवढं बाराव्या शतकातलं लाकडी चर्च आहे, स्कॅन्डिनेव्हियातल्या सर्वांत लहान लाकडी चर्चांपैकी एक. पण गावाला नावलौकिक मिळाला तो शेळीच्या दुधाच्या चीजमुळे. पांढरं चीज काढून घेतल्यावर उरलेलं पाणी तासन् तास आटवत बसायचं. त्यातली साखर तपकिरी होते आणि तेच त्यांचं तपकिरी चीज. खाणाऱ्या मराठी माणसाचा निकाल एका शब्दात येतो: ‘पेढा!’ त्यावर लगेच, ‘कंदी पेढा, पण मीठ पडलेला.’ नॉर्वेजियन लोक तो पेढा पातळ काप करून ब्रेडवर घालून खातात. काप करायला लागणारं चिरेदार उलथणं थोर ब्योर्क्लुंड नावाच्या सुताराने काढलं आणि १९२५ साली त्याचं पेटंट घेतलं. या चीजमध्ये साखर आणि स्निग्धांश किती, याची जाहीर परीक्षा जानेवारी २०१३ मध्ये झाली. उत्तर नॉर्वेतल्या ब्राटली बोगद्यात २७ टन तपकिरी चीज नेणारा ट्रक पेटला आणि ती आग कित्येक दिवस विझेना. अग्निशामक दलाला धुरामुळे जवळही जाता येईना. नंतर बोगदा आठवडेच्या आठवडे बंद राहिला.

एवढ्या शांत देशात राहणारी माणसं संध्याकाळी करतात काय, हा प्रश्न पर्यटक विचारतात. त्याचं उत्तर नॉर्वेच्या सरकारी टीव्हीने दिलंय. २००९ साली त्यांनी बर्गन-ओस्लो रेल्वेचा सात तासांहून लांब प्रवास, इंजिनाच्या नाकावर कॅमेरा ठेवून, जसाच्या तसा दाखवला. बोगदा आला की जुन्या चित्रफिती आणि मुलाखती. देशातल्या पाच माणसांपैकी एकाने त्यातला काही ना काही भाग पाहिला. यशाने हुरळून २०११ मध्ये बर्गनपासून उत्तर टोकापर्यंत जाणारं किनारी टपालजहाज थेट दाखवलं: १३४ तास, रात्रंदिवस, अखंड. लोक बंदरोबंदर झेंडे घेऊन उभे राहिले, होड्या काढून जहाजाच्या बाजूने गेले, एवढ्यासाठी की घरच्यांना आपण टीव्हीवर दिसावं. निम्म्या देशाने हे प्रक्षेपण कधी ना कधी पाहिलं, असं म्हणतात. ज्यांच्या खिडकीबाहेर फियॉर्ड आहे त्यांनीही.

मग १५ फेब्रुवारी २०१३ च्या रात्री बारा तास लाकूडफाट्याचा कार्यक्रम झाला. लार्स म्यिटिंग यांच्या लाकडं फोडणं, रचणं आणि वाळवणं या विषयावरच्या गाजलेल्या पुस्तकावर तो बेतला होता. आधी लाकडाविषयी चर्चा, मग रात्रभर एका शेकोटीकडे बघणं. मधूनमधून लाकूड घातलं जायचं. तक्रारीचे साठेक संदेश आले. निम्म्यांचं म्हणणं, ओंडके रचताना सालीची बाजू वर ठेवलीत, हे चुकीचं आहे. उरलेल्या निम्म्यांचं, सालीची बाजू खाली ठेवलीत, हे चुकीचं आहे.